झेरॉक्सच्या दुकानात लॉगिन करण्याआधी

सायबर कॅफे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. त्यांची जागा झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांनी आणि आपले सरकार सेवा केंद्रांनी घेतली. बारावीचा निकाल लागला की कोल्हापूरच्या राजारामपुरीत, विद्यापीठ रोडला, मध्यवर्ती बसस्थानकाच्या अवतीभवती अशा दुकानांत उभं राहायला जागा मिळत नाही. कुणाला सीईटीनंतरच्या प्रवेशाचा, म्हणजे कॅप राउंडचा फॉर्म भरायचाय, कुणाला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाला नुसता सातबारा काढायचाय. एकाच संगणकावर दिवसभर माणसांमागून माणसं आपापली खाती उघडतात आणि त्यातली बरीच नीट बंद होत नाहीत. दुकानदाराच्या मनात काही वाईट असतं असं नाही. मागच्या गिऱ्हाइकाचं जीमेल उघडं दिसलं तर बहुतेक वेळा तोच ते बंद करतो. पण आपलं खातं त्याच्या चांगुलपणाच्या भरवशावर सोडायचं कशाला?

अशा संगणकावर आपल्या खुणा तीन ठिकाणी राहतात. एक ब्राउझरमध्ये, दुसरी हार्डडिस्कवर आणि तिसरी ज्या कंपनीचं खातं आहे तिच्या सर्व्हरवर. पहिल्या दोन तिथे बसूनच पुसाव्या लागतात. तिसरी घरी आल्यावर आपल्या फोनवरूनही बंद करता येते.

लॉगिन केल्यावर होतं काय

पासवर्ड टाकून एकदा आत गेलात की वेबसाइट पुढच्या प्रत्येक क्लिकला पुन्हा पासवर्ड विचारत नाही. पहिल्या खेपेलाच तिने तुमच्या ब्राउझरला एक लांबलचक सांकेतिक मजकूर दिलेला असतो. त्याला सेशन कुकी म्हणतात. ब्राउझर दर वेळी ती दाखवतो आणि साइट आत सोडते. अंबाबाईच्या देवळाबाहेर चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो, तसाच हा प्रकार. बिल्ला घेऊन येणाऱ्याला नाव कुणी विचारत नाही, बिल्ला पुढे केला की चपला हातात. ब्राउझरची खिडकी नुसती बंद करणं म्हणजे बिल्ला काउंटरवर विसरून निघून जाणं. लॉगआउट केलं की स्टँडवालाच तो नंबर रद्द करतो. मग बिल्ला कुणाला सापडला तरी उपयोग शून्य.

म्हणून फुलीवर क्लिक करणं आणि लॉगआउट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीमेल, फेसबुक यांच्या कुकी ब्राउझर बंद झाला तरी पुसल्या जात नाहीत. त्या पुढे कित्येक दिवस चालतात. ज्या साइटच्या कुकी ब्राउझर बंद होताच जायला हव्यात, त्यांचाही भरवसा नाही. क्रोममध्ये ‘जिथे थांबलात तिथून पुढे सुरू करा’ अशी एक सेटिंग असते. दुकानदाराने सकाळी येऊन पुन्हा तेच टॅब उघडायला नकोत म्हणून ती लावून ठेवली असेल, तर त्या कुकीही टिकून राहतात.

यात लाईट जाण्याचा प्रश्न वेगळाच. तुम्ही लॉगिन केलेलं असताना वीज गेली आणि दुकानातला यूपीएस नावालाच असेल, तर लॉगआउट करायला वेळच मिळत नाही. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर क्रोम विचारतो, आधीची पानं परत उघडू का? पुढचा माणूस ‘हो’ म्हणाला की तुमचं खातं त्याच्यासमोर. इनकॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीत काम करत असाल तर ती अशी परत येत नाही, म्हणून पहिली सवय तीच लावावी.

इनकॉग्निटो किती वाचवतं

क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. गडद रंगाची वेगळी खिडकी उघडते. तिच्यात केलेल्या कामाचा इतिहास, कुकी आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर खिडकी बंद होताच जातो. मात्र इनकॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या मिळून एकच सेशन असतं. तुमच्या आधीच्या माणसाची एक खिडकी खाली टास्कबारवर दडून राहिली असेल, तर तुम्ही नवी उघडूनही त्याच्याच सेशनमध्ये बसता. आणि तुम्ही तुमची एकच बंद केली तर तुमची कुकी त्याच्या खिडकीच्या जिवावर तशीच राहते. बसल्याबसल्या टास्कबार बघा, आधीच्या सगळ्या खिडक्या बंद करा, मग नवी उघडा. उठतानाही तेच.

क्रोममध्ये याहून बरा पर्याय आहे तो गेस्ट मोडचा. वर उजव्या कोपऱ्यात गोल चित्र असतं त्यावर क्लिक केलं की खाली ‘गेस्ट’ दिसतं. त्यात दुकानदाराचे बुकमार्क आणि त्याने जतन केलेले पासवर्ड तुम्हाला दिसत नाहीत, आणि तुमचं काही त्याच्या प्रोफाइलमध्ये जात नाही. दोघांचीही सोय.

आता हे कुठे थांबतं ते. डाउनलोड केलेली फाईल इनकॉग्निटो पुसत नाही. ती डाउनलोड्स फोल्डरमध्ये राहते. कुठल्या साइटवर गेलात हे दुकानाच्या नेटवर्कवर नोंदलं जाऊ शकतं, आणि सायबर कॅफेच्या बाबतीत तर ते नोंदवून ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ साली सायबर कॅफेसाठी जे नियम आले, त्यांत गिऱ्हाइकाचं ओळखपत्र पाहायचं, वापराची नोंदवही ठेवायची आणि उघडलेल्या वेबसाइटचा इतिहास किमान १ वर्ष जपायचा, असं लिहिलं आहे. त्याच नियमांनुसार केबिनची उंची जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा जास्त असता कामा नये आणि केबिनबाहेरच्या संगणकांच्या पडद्याचं तोंड मोकळ्या जागेकडे हवं. गैरवापर रोखायला हे ठीक आहे, पण याचाच दुसरा अर्थ असा की तुमचा पडदा मागून जाणाऱ्याला दिसणारच. पासवर्ड टाकताना कीबोर्डवर अंग थोडं पुढे घ्यायला लाजू नका.

एक दिलासा. साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल तर नेटवर्क चालवणाऱ्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे कळतं, आत काय वाचलं किंवा लिहिलं हे कळत नाही. पण हे संरक्षण वाटेतलं. संगणकातच कुणी बसलेलं असेल तर एचटीटीपीएस काही करू शकत नाही.

संगणकातच कुणी बसलेलं असेल तर

कीलॉगर म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ लिहून ठेवणारी यंत्रणा. ती दोन तऱ्हेची असते. एक, अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, जो कीबोर्डची वायर आणि सीपीयू यांच्या मध्ये बसवतात. सीपीयूच्या मागे वाकून पाहिलं तर दिसतो. कीबोर्डची वायर थेट यूएसबीत न जाता मध्ये काही अडकवलेलं असेल तर उठा आणि दुसरीकडे जा. दुसरी तऱ्हा सॉफ्टवेअरची, ती डोळ्यांना दिसत नाही. ती दुकानदाराने टाकलेली असते असंही नाही. क्रॅक केलेलं डीटीपीचं सॉफ्टवेअर आणि दिवसभर लागणारे पेन ड्राइव्ह एवढं तिला आत यायला पुरतं.

पडद्यावरचा कीबोर्ड वापरला की सुटलो, असा एक समज आहे. विंडोजमध्ये विंडोज-कंट्रोल-ओ दाबलं की तो उघडतो. वायरमधल्या तुकड्याला तो नक्की चकवतो, कारण कळ दाबलीच जात नाही. सॉफ्टवेअर मात्र पडद्याचे फोटो काढू शकतं, ब्राउझरमध्ये भरलेला मजकूर थेट वाचू शकतं. त्यामुळे तो अर्धाच उपाय.

ओटीपीचंही तसंच. पासवर्ड चोरीला गेला तरी दुसऱ्या दिवशी ओटीपीशिवाय कुणाला आत येता येत नाही, हे खरं. म्हणूनच दोन टप्प्यांची पडताळणी चालू हवी. पण हल्लीचे व्हायरस पासवर्डच्या मागे न लागता कुकीच उचलून नेतात. ओटीपी तुम्ही टाकलेला असतो, कुकी त्यानंतर तयार होते. चोराला तयार बिल्ला मिळाला तर त्याला ओटीपी विचारणार कोण? काम झाल्या झाल्या लॉगआउट करण्याचं महत्त्व इथे कळतं: रद्द झालेली कुकी चोरून फायदा नाही.

लॉगिन करताना ‘या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका’ अशी टिक असते. बऱ्याचदा ती आधीच केलेली असते. ती काढा, नाहीतर त्या दुकानातल्या संगणकाला तुमच्या खात्याने ओळखीचा मानलंच म्हणून समजा.

फोन बंद पडला आहे, ओटीपी येणार नाही, पण मेल उघडणं भाग आहे, अशा वेळेसाठी गूगलचे बॅकअप कोड असतात. ८ आकड्यांचे १० कोड एकदम मिळतात आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. कागदावर लिहून पाकिटात ठेवले तरी चालतं, कारण पासवर्डशिवाय ते निरुपयोगी आहेत. त्या कागदावर पासवर्ड तेवढा लिहू नका. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन करण्याची सोय) वापरणाऱ्यांना आणखी एक वाट आहे: पडद्यावर येणारा क्यूआर कोड फोनने स्कॅन करायचा, म्हणजे पासवर्ड टाइप करावाच लागत नाही. त्यासाठी संगणकाला ब्लूटूथ लागतं, आणि दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपला ते बहुधा नसतं. नवी पासकी मात्र परक्या संगणकावर कधीच तयार करू नका.

बँकेचं काय? नेट बँकिंग दुकानातल्या संगणकावर करू नये, यात दुसरा विचारच नको. फी भरायची असेल तर फॉर्म तिथे भरा आणि पैसे भरण्याच्या पानावर क्यूआर येत असेल तर आपल्या फोनवरून यूपीआय करा. कार्डचा नंबर आणि मागचा सीव्हीव्ही तिथल्या कीबोर्डवर टाइप करायची पाळी येऊ देऊ नका.

क्रोमचा एक प्रश्न

गेस्ट किंवा इनकॉग्निटो न वापरता साध्या खिडकीत जीमेल उघडलं तर क्रोम विचारतो, क्रोममध्येच साइन इन करायचं का? लोक मेल उघडण्याच्या घाईत ‘हो’ दाबतात. मेल उघडणं आणि क्रोममध्ये साइन इन करणं यांत फार फरक आहे. दुसऱ्या प्रकारात तुमच्या गूगल खात्यात जतन केलेले पासवर्ड, बुकमार्क, घरचा पत्ता हे सगळं त्या संगणकावरच्या क्रोममध्ये उपलब्ध होऊ शकतं. तुम्ही उघडलं फक्त मेल, आणि दुकानात उतरले फोनमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड. नाही म्हणा. पासवर्ड जतन करायचा का, असं विचारेल तिथेही ‘कधीच नाही’.

चुकून झालंच असेल तर वरच्या गोल चित्रावर क्लिक करून तिथून साइन आउट करा आणि त्या संगणकावरचा डेटा काढायचा का असं विचारलं तर हो म्हणा. कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबून इतिहास पुसताना एक काळजी घ्या: तुम्ही अजून साइन इन असाल तर पुसलेला इतिहास तुमच्या फोनवरूनही जाऊ शकतो. आधी साइन आउट, मग पुसणं. आणि ‘सर्व काळ’ निवडलंत तर दुकानदाराची स्वतःची लॉगिनही उडतील, मग त्याची बोलणी खावी लागतील. ‘शेवटचा १ तास’ पुरे.

व्हॉट्सअॅप वेब

सगळ्यात जास्त गळती इथून होते. मार्कशीटची पीडीएफ फोनमध्ये आहे, प्रिंट हवी. मुलगा दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सअॅप वेब उघडतो, क्यूआर स्कॅन करतो, पाच रुपयांची प्रिंट घेतो आणि जातो. चार पानं छापायला त्याने अख्खं व्हॉट्सअॅप तिथे ठेवलं. स्कॅन केल्यावर अलीकडच्या चॅट त्या ब्राउझरमध्ये उतरतात, आणि नंतर फोन घरी असो की बंद, तिकडे नवे मेसेज येत राहतात. पूर्वी फोन नेटवर नसला की वेब बंद पडायचं. आता तसं नाही. फोनवर १४ दिवस व्हॉट्सअॅप वापरलंच नाही तर जोडलेली डिव्हाइस आपोआप सुटतात. पण रोज फोन हातात असणाऱ्याचा दुकानातला संगणक आपण होऊन सहजी सुटायचा नाही.

आत्ताच बघा. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपच्या वरचे तीन ठिपके, मग ‘लिंक केलेली डिव्हाइस’. आयफोनवर सेटिंग्जमध्ये. यादीत ‘गूगल क्रोम (विंडोज)’ असं काही दिसलं आणि ते तुमच्या घरचं नसेल, तर त्यावर बोट ठेवा आणि लॉगआउट करा. प्रत्येक नोंदीखाली शेवटचा वापर कधी झाला तेही दिसतं. प्रिंट काढून आल्यावर महिनाभराने ‘आज’ अशी नोंद दिसली, तर कुणीतरी वाचतं आहे किंवा निदान तो टॅब अजून उघडा आहे.

मग प्रिंट काढायची कशी? खातं न उघडता फाईल पाठवा. बहुतेक दुकानांत भिंतीवर ईमेल पत्ता लिहिलेला असतो, तिथे आपल्या फोनवरून मेल करा. दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलं तरी चालतं, फक्त तुमचा नंबर आणि डीपी त्याच्याकडे जातो. प्रिंट हातात पडली की ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. ती सोय पाठवल्यापासून सुमारे अडीच दिवस असते. पण त्याने फाईल एव्हाना संगणकावर उतरवली असेल तर ती चॅटमधून पुसून जात नाही. तिच्यासाठी वेगळं सांगावं लागतं.

केबलने फोन जोडायचा असेल तर ‘फाईल ट्रान्सफर’ निवडल्याबरोबर फोनमधले सगळे फोटो आणि फोल्डर समोर उघडतात, एकटी मार्कशीट नाही. पेन ड्राइव्हला शॉर्टकट व्हायरस चिकटतो: घरी आल्यावर फोल्डरच्या जागी सगळे शॉर्टकट दिसतात, खऱ्या फाईली लपवलेल्या असतात, आणि त्या शॉर्टकटवर डबलक्लिक केलं की व्हायरस घरच्या संगणकात. दुकानात न्यायला एक जुना, छोटा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात तेवढी एकच फाईल घाला, परत आल्यावर काही न उघडता फॉरमॅट करा.

आधार, मार्कशीट आणि मागे राहिलेली पीडीएफ

दुकानातल्या संगणकाचं डाउनलोड्स फोल्डर एकदा उघडून बघा. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, जातीचा दाखला, फोटो, सह्या; कुणाकुणाचं काय काय. चोरी करायला काही फोडावं लागत नाही.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निश्चिंत असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं साल, हे सगळ्यांना माहीत आहे. फाईलच्या बाजूलाच तुमचं पॅन पडलं असेल तर नाव आणि जन्मतारीख दोन्ही त्याच्यावर आहेत. म्हणजे ते कुलूप नावालाच. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली होती. सायबर कॅफेतल्या संगणकावर ई-आधार डाउनलोड करणं टाळा आणि केलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असं त्यात होतं. झेरॉक्स कुणाला देऊ नका या तिच्यातल्या दुसऱ्या भागावरून गोंधळ उडाला आणि दोन दिवसांत ती मागे घेतली गेली. कॅफेबद्दलचा सल्ला मात्र तेव्हाही बरोबर होता, आजही आहे.

जिथे पूर्ण नंबर मागितलेला नाही तिथे मास्क्ड आधार द्या. आधारच्या साइटवर डाउनलोड करताना तशी टिक करता येते. मग फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. हे काम घरी फोनवर करा आणि दुकानात तीच फाईल पाठवा.

दुकानात काही उतरवलं असेल तर पुसण्याचा क्रम असा. ब्राउझरमध्ये कंट्रोल-जे दाबा, म्हणजे काय उतरवलं आणि कुठे गेलं ते कळतं. तिथून फोल्डर उघडा. फाईल निवडून शिफ्ट-डिलीट दाबा. नुसतं डिलीट दाबलं तर ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. मग डेस्कटॉप बघा, कारण ऑपरेटर लोक फाईल तिथे ओढून ‘नवीन १’, ‘फायनल २’ अशी नावं देतात. एकच पीडीएफ दोन-तीन जागी असते: उतरवलेली, साइज कमी केलेली आणि प्रिंटसाठी उघडून सेव्ह केलेली. फॉर्मला फोटो २० केबीच्या आत हवा असतो म्हणून तो एखाद्या फुकट वेबसाइटवर चढवला जातो, तीही एक प्रत झाली. साइज कमी करण्याचं काम फोनवरच करून न्या. शेवटी विंडोज-व्ही दाबून पाहा. कॉपी केलेल्या मजकुराची यादी चालू असेल तर तुमचा आधार नंबर तिथे लटकत असेल. ‘सगळं साफ करा’ म्हणा.

शिफ्ट-डिलीटने गेलेली फाईलही जाणकाराला सॉफ्टवेअरने परत काढता येऊ शकते. पण आपला सामना रोजच्या कुतूहलाशी आणि निष्काळजीपणाशी आहे, त्यासाठी हे पुरतं.

कीबोर्डवर दुसराच बसलेला असतो तेव्हा

वरचं सगळं तुम्ही स्वतः टाइप करत असाल तर. सेवा केंद्रात मात्र बऱ्याचदा ऑपरेटर बसलेला असतो आणि आपण काउंटरच्या अलीकडे उभे. तिथे धोका वेगळ्या रूपात येतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

“मावशी, ईमेल आयडी आहे काय?”

“न्हाई बा.”

“बरं, मी करून देतो.”

दोन मिनिटांत जीमेल तयार होतं. पासवर्ड ऑपरेटर ठरवतो, आणि घाईपोटी सगळ्या गिऱ्हाइकांना एकच: नाव, मग ॲट, मग एक-दोन-तीन. रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवायला, मोबाईल नंबर मागितला की कधी तो दुकानाचा टाकतो, कारण ओटीपी लगेच मिळतो. फॉर्म भरून होतो, पावती हातात येते. वर्षभराने नूतनीकरण करायचं म्हटलं की पासवर्ड ठाऊक नाही, ओटीपी दुकानाच्या फोनवर. मग पुन्हा त्याच दुकानात. त्याने दुकान हलवलं किंवा सिम बदललं तर मुलाची शिष्यवृत्ती अडकते. इथे कुणी चोर नसतानाही खातं आपलं राहत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी फोनवर एक वेगळं जीमेल उघडा, फक्त फॉर्मसाठी. घरातल्या फोटोंचं, बँकेचं, यूट्यूबचं मुख्य खातं त्यापासून लांब. रिकव्हरी नंबर आपला. सरकारी पोर्टलवर नोंदणी करताना मोबाईल नंबरच्या चौकटीत ऑपरेटर काय टाइप करतोय ते पडद्यावर वाचा. पडदा वळवून दाखव म्हणायला संकोच कशाचा? पासवर्ड विचारला की “मी टाकतो” म्हणून कीबोर्ड पुढे ओढा. ऐकायला उद्धट वाटेल, पण चांगला ऑपरेटर उलट खूश होतो. त्याची जबाबदारी कमी होते.

खातं आधीच दुकानाने उघडून दिलेलं असेल तर आज फोनवर त्यात लॉगिन करा. पासवर्ड बदला, मग गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ भागात जाऊन रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल तपासा. नंबर ओळखीचा नसेल तर काढा, आपला घाला. पासवर्ड बदलून रिकव्हरी तशीच ठेवली तर ज्याचा नंबर आहे त्याला ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून पुन्हा आत येता येतं.

ओटीपी सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा. आकडे तेवढे वाचून सांगायची आपल्याला सवय लागलीय. पण मेसेजमध्ये तो कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं: आधार पडताळणी, खात्यातून पैसे, सिमची विनंती. सातबारा काढायला गेलात आणि ओटीपीच्या मेसेजमध्ये रुपयांचा आकडा दिसला तर तिथेच थांबा. एकामागून एक तीन-चार ओटीपी आले आणि “आधीचा चालला नाही” असं उत्तर मिळालं, तर प्रत्येक मेसेज कुणाकडून आला ते पाहूनच पुढचा सांगा. अंगठा देताना हेच. आधारशी जोडलेल्या बँक खात्यातून आधार नंबर आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात, म्हणून मशीनवर बोट ठेवण्याआधी पडद्यावर काय उघडलंय ते बघा. एरवी आधारच्या अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं आणि गरजेपुरतं उघडता येतं.

ग्रंथालयं आणि कॉलेजची लॅब

इथे परिस्थिती थोडी बरी. अनेक लॅबमध्ये असं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं की संगणक रीस्टार्ट केला की तो ठरलेल्या जुन्या स्थितीत जातो. मधल्या वेळात उतरवलेलं, साठवलेलं सगळं पुसलं जातं. शिवाजी विद्यापीठात असो की गावातल्या एखाद्या वाचनालयात, लॅब सांभाळणाऱ्याला विचारा. तशी सोय असेल तर उठताना एकदा रीस्टार्ट करणं हा सोपा उपाय. तरीही लॉगआउट आधी करायचंच. रीस्टार्टने संगणकावरची कुकी जाते. कुणी ती तुम्ही बसलेले असतानाच उचलली असेल तर सर्व्हरवरचं सेशन तसंच जिवंत राहतं.

विसरून आलात तर

एसटीत बसल्यावर आठवलं, तरी उशीर झालेला नाही. फोनवर सेटिंग्ज, गूगल, मग खात्याच्या ‘सुरक्षा’ भागात ‘तुमची डिव्हाइस’. सगळ्यात आधी त्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या, कारण साइन आउट केल्यावर नोंद बदलते आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात काही उरत नाही. मग विंडोजची ती नोंद उघडून साइन आउट. फेसबुक आणि इन्स्टाग्रामला अकाउंट्स सेंटरमध्ये ‘पासवर्ड आणि सुरक्षा’, तिथे ‘कुठे लॉगिन आहे’ ही यादी. टेलिग्राममध्ये सेटिंग्ज, डिव्हाइस, ‘बाकीची सगळी सेशन बंद करा’.

त्यानंतर पासवर्ड बदला, आणि तो फोनवरूनच. दुकानात परत जाऊन त्याच संगणकावर बदललात तर नवा पासवर्डही त्याच कीबोर्डवर टाइप होतो. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदलावा लागेल.

जीमेलमध्ये एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पासवर्ड बदलला, सगळीकडून साइन आउट केलं, तरी मधल्या वेळात कुणी मेल फॉरवर्ड करण्याची सेटिंग लावून गेलं असेल, तर तुमचे मेल त्याच्याकडे गुपचूप जातच राहतात. हे फोनच्या अॅपमध्ये नीट दिसत नाही; विश्वासाच्या संगणकावर जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ हे दोन्ही भाग पाहा. अनोळखी पत्ता असेल तर आधी त्याचा स्क्रीनशॉट, मग तो काढा.

पैसे गेले असतील तर यातलं काही करत बसू नका, आधी १९३० लावा. हा आर्थिक सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, आणि पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येतील का हे वेळेवरच ठरतं. फोन करताना बँकेचं नाव, खातं क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ समोर ठेवा. या चारही गोष्टी पैसे गेल्याच्या एसएमएसमध्ये किंवा बँकेच्या अॅपमध्ये सापडतात. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर करता येते. तीही आपल्या फोनवरून.